शाळा भरलेली असताना तिथेच मतदान: अडचण नेमकी कुठे आहे?

नोव्हेंबरातला मंगळवार. अजून पुरते उजाडलेले नाही. अमेरिकेतल्या एखाद्या प्राथमिक शाळेचे जिम डोळ्यांपुढे आणा. बुटांनी लाकडी जमीन खरवडू नये म्हणून तिच्यावर आदल्या संध्याकाळीच जाड पट्ट्या अंथरल्या आहेत. बास्केटबॉलच्या कड्याखाली मतपत्रिका वाचणारे यंत्र ठेवले आहे. घडीच्या टेबलांवर मतदार याद्या उघडल्या जात आहेत. बाहेरच्या दाराखाली कुणीतरी लाकडी पाचर सरकवून ते सताड उघडे ठेवले आहे, कारण रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना दर वेळी ते जड दार ढकलायला लावणे बरे नाही.

वर्षातले बाकीचे दिवस हेच दार कुलपात असते. मुलाला दवाखान्यात न्यायला आलेल्या आईनेसुद्धा आधी बेल वाजवायची, कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा, कार्यालयात ओळखपत्र द्यायचे, पाहुण्याचा बिल्ला लावायचा आणि मगच आत यायचे. आज मात्र शाळेतले कुणीच कुणाला काही विचारणार नाही. तासा-दोन तासांत पिवळ्या बस येतील, दप्तरे पाठीला लावलेली पाच-सहा वर्षांची मुले उतरतील आणि त्याच इमारतीत आपापल्या वर्गात जाऊन बसतील.

आपल्याला हे वाचून नवल वाटते, कारण मतदानाच्या दिवशी शाळेला सुट्टी असणार हे आपण धरूनच चालतो. पण जिथे कामाच्या दिवशी मतदान होते तिथे हा वाद निवडणूक आली की पुन्हा उभा राहतो. पालक चिडतात, मुख्याध्यापक कात्रीत सापडतात, निवडणूक अधिकारी म्हणतात की दुसरी जागा दाखवा. हा वाद समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी सुटी करून घेतली पाहिजे. शाळेत मतदान घ्यावे का, हा एक प्रश्न. मुले वर्गात असताना ते घ्यावे का, हा दुसरा. बहुतेक भांडणांत या दोन प्रश्नांची गाठ मारली जाते आणि मग एका बाजूला मुलांची सुरक्षितता, दुसऱ्या बाजूला लोकशाही, असे उगाचच दोन गट पडतात. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो आहे आणि दुसऱ्याचे नाही. का, ते पुढे सांगतो.

मंगळवार आला कुठून

अमेरिकेत पूर्वी प्रत्येक राज्य आपल्या सोयीने दिवस ठरवत असे. १७९२च्या कायद्याने फक्त एवढेच बंधन घातले होते की डिसेंबरातल्या पहिल्या बुधवारच्या आधीच्या ३४ दिवसांत राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान उरकावे. एका राज्याचा निकाल ऐकून दुसऱ्या राज्यातले लोक मत ठरवतात, ही तक्रार वाढली तेव्हा १८४५ मध्ये देशभरासाठी एकच दिवस आला: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तो काळ शेतीचा होता. नोव्हेंबरात पिके घरात आलेली असत आणि कडाक्याची थंडी सुरू व्हायची असे. रविवार प्रार्थनेचा, बुधवार अनेक ठिकाणी बाजाराचा. घोडागाडीने काउंटीच्या मुख्य गावी पोहोचायला एक दिवस लागेल असे धरले, तर मंगळवार सोयीचा पडे.

घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला. तो आज शाळेचा आणि नोकरीचा भर आठवड्यातला दिवस आहे. देशभर लागू असलेली सुट्टी त्या दिवशी नाही. काही राज्यांनी आपापल्या पातळीवर ती दिली आहे. व्हर्जिनियाने २०२० मध्ये यादवी युद्धातल्या दोन सेनापतींच्या नावाने असलेली राज्याची सुट्टी रद्द करून ती मतदानाच्या दिवसाला दिली. पण अशी राज्ये सोडली तर शाळा भरवायची की नाही हे बहुधा त्या त्या शाळा मंडळाच्या मर्जीवर असते. त्यामुळे एका गावात मुले घरी असतात आणि शेजारच्या गावात मतदारांच्या रांगेजवळून वर्गात जातात.

बरे, मग शाळाच का?

कारण मतदान केंद्राला जे जे लागते ते सगळे एका जागी शाळेतच मिळते. वस्ती जिथे आहे तिथे शाळा आहे. पत्ता सांगावा लागत नाही. शेकडो माणसे मावतील असा एक मोठा हॉल आहे, गाड्या लावायला जागा आहे, दिवे, स्वच्छतागृह, ऊब आहे. अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा आणि मतदान यंत्रणा सुधारणारा २००२ चा कायदा यांच्यामुळे चाकाच्या खुर्चीवरच्या मतदारालाही आत येता आले पाहिजे, त्याला स्वतःचे मत स्वतः देता आले पाहिजे. जुन्या सभागृहांना पायऱ्या असतात. शाळेला बहुतेक वेळा उतार केलेला असतो, दारे रुंद असतात.

आणि भाडे पडत नाही. लोकांच्या करातून उभी राहिलेली इमारत लोकांच्या मतदानाला फुकट मिळावी, हे तत्त्व अनेक ठिकाणी कायद्यातच आहे. ब्रिटनमध्ये १९८३च्या कायद्याने निवडणूक अधिकाऱ्याला सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेतली खोली विनाभाडे घेता येते. दिवाबत्तीचा खर्च आणि काही मोडले-तुटले तर भरपाई मात्र द्यावी लागते. कॅलिफोर्नियाचा कायदा तर फार स्पष्ट आहे. निवडणूक अधिकाऱ्याने एखादी शाळा नेमकी मागितली तर मंडळाला ती द्यावीच लागते. पुढे तोच कायदा मंडळापुढे तीन वाटा ठेवतो: शाळा चालू ठेवा, पण इमारतीतला कोणता भाग मुलांच्या वापरात नसेल ते आधी लिहून कळवा, किंवा तो दिवस शिक्षकांच्या प्रशिक्षणाला द्या, किंवा मुलांना सरळ सुट्टी द्या. म्हणजे मागणी नाकारता येत नाही, पण मुले आत असावीत की नसावीत हे ठरवण्याची मोकळीक शाळेकडेच आहे. ही बारीक गोष्ट पालकांच्या सभांमधल्या आरडाओरडीत हरवते.

एका दाराला दोन नियम

आता मूळ अडचण. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख दोघेही प्रामाणिकपणे आपले काम करत असले, तरी त्यांना मिळालेले हुकूम एकमेकांच्या बरोबर उलटे असतात.

शाळेचा नियम सांगतो: ओळख पटल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नका. १४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावात सँडी हूक प्राथमिक शाळेत घुसून एका तरुणाने २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्या घालून मारली. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्यांनंतर शाळांनी दारे बदलली, कुलपे बदलली, कॅमेरे लावले, पाहुण्यांचे ओळखपत्र यंत्रात तपासून मगच आत सोडायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या मुलांनाही वर्गाचे दार लावून, दिवा मालवून, कोपऱ्यात आवाज न करता बसण्याचा सराव करायला लावला जातो. ज्या आईवडिलांनी आपल्या पोराच्या तोंडून या सरावाबद्दल ऐकले आहे, त्यांना उघड्या दारातली लाकडी पाचर दिसली की पोटात गोळा येणारच.

निवडणुकीचा नियम सांगतो: पात्र मतदाराला दारात अडवू नका. शाळेच्या कारकुनाला मतदाराकडे ओळखपत्र मागायचा अधिकार नाही. अनेक राज्यांत तर खुद्द मतदान अधिकारीही बहुतेक मतदारांकडे ते मागत नाहीत, यादीतले नाव आणि सही पुरते. ज्या माणसाला एरवी कायद्याने शाळेच्या आवारात पाय ठेवायला बंदी आहे, त्याचा मताचा हक्क शाबूत असेल तर त्याचे काय करायचे, यावर राज्याराज्यांत वेगवेगळी उत्तरे आहेत. आणि हे तपासणार कोण? रांगेतल्या प्रत्येकाची पूर्वपीठिका चाळत बसले तर मतदान केंद्र चालणारच नाही, आणि चालू नयेच.

मतदार धोकादायक असतात, असा याचा अर्थ कुणी काढू नये. रांगेत उभे असतात ते याच मुलांचे आजी-आजोबा, शेजारी, बस चालवणारे काका. आक्षेप माणसांवर नाही. ज्या व्यवस्थेवर मुलांची सुरक्षितता बेतलेली आहे ती व्यवस्था त्या दिवशी मुद्दाम बंद ठेवावी लागते, हा आक्षेप आहे. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत म्हणतात, तसे हे.

यावर सगळ्यांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे दाराशी पोलीस उभा करणे. इथे मात्र गुंता वाढतो. मतदान केंद्राजवळ गणवेशातला पोलीस पाहून सगळ्यांनाच धीर येतो असे नाही. १९८१ मध्ये न्यू जर्सीत रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने 'मतपेटी सुरक्षा दल' म्हणून माणसे उभी केली होती. त्यांत सुट्टीवर असलेले, जवळ शस्त्र बाळगणारे पोलीस होते आणि ती माणसे काळ्या व लॅटिनो वस्त्यांतल्या केंद्रांवर नेमली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये झालेल्या तडजोडीने त्या पक्षावर घातलेली बंधने २०१८ पर्यंत टिकली. पेनसिल्व्हेनियात कायद्यानेच पोलिसाने केंद्रापासून १०० फूट लांब राहायचे असते. स्वतःचे मत द्यायला तो जाऊ शकतो, शांतता राखायला बोलावले तर जाऊ शकतो, एरवी नाही. आता बघा. शाळेला मुलांसाठी पोलीस जवळ हवा आहे, मतदानाला मतदारासाठी तो लांब हवा आहे, आणि दोन्ही मागण्या रास्त आहेत. दोन्हींच्या पाठीमागे खरोखर घडलेल्या गोष्टी आहेत.

धमकीचा प्रसंग घ्या. ५ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या दिवशी जॉर्जियासह अनेक राज्यांतल्या केंद्रांना बॉम्बच्या धमक्यांचे ईमेल आले. त्यांतले बरेच रशियन डोमेनवरून आल्याचे दिसते आणि त्यांत तथ्य नाही, असे एफबीआयने त्याच दिवशी जाहीर केले. तरी अटलांटाच्या फुल्टन काउंटीत दोन केंद्रे काही वेळ रिकामी करावी लागली. असे केंद्र शाळेच्या जिममध्ये असेल आणि वरच्या मजल्यावर पहिलीचे वर्ग भरलेले असतील, तर थंडीत शेकडो मुलांना मैदानात काढावे लागेल आणि घाबरलेल्या पालकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबेल, तोच रस्ता जिथून मतदार यायचे आहेत. याच्या उलटही होते. शेजारच्या गल्लीत पोलीस कुणाचा पाठलाग करत आहेत म्हणून शाळेने सगळी दारे लावून घ्यायची ठरवली, तर मतदान थांबले. पण निवडणुकीच्या कायद्यात मतदान असे मधेच थांबवण्याची सोय शाळेकडे नाही. मुख्याध्यापकांनी दार लावावे की केंद्रप्रमुखाने ते उघडे ठेवावे? त्या क्षणी कुणाचा शब्द चालेल हे आधी ठरलेले नसेल, तर ते दारातच उभे राहून ठरवावे लागेल.

लहान वाटणाऱ्या गोष्टी

शाळेतल्या माणसांना विचारले तर ते आधी या मोठ्या भीतीबद्दल बोलत नाहीत. ते गाड्यांबद्दल बोलतात. कामावर जाण्याआधी मत देऊन टाकू म्हणून लोक सकाळी गर्दी करतात, आणि नेमक्या त्याच वेळी बस व पालकांच्या गाड्या येतात. शिक्षकांच्या गाड्यांच्या जागा मतदारांना द्याव्या लागतात. घाईत मागे घेतली जाणारी गाडी आणि तिच्या मागून धावणारे पोर, हा धोका बंदुकीपेक्षा कितीतरी रोजचा आहे आणि त्याची चर्चा फार थोडी होते.

जिम गेले की व्यायामाचा तास गेला. काही शाळांत जिम आणि जेवणाचा हॉल एकच असतो, तिथे मुलांना वर्गात बाकांवरच डबे उघडावे लागतात. मधल्या सुट्टीची घंटा झाली की अडीचशे मुलांचा गलका मतदान कक्षापर्यंत येतो आणि ज्या आजोबांना आधीच कमी ऐकू येते त्यांना मतदान अधिकाऱ्याचे बोलणे कळेनासे होते. स्वच्छतागृहाचा प्रश्न तर कुणी कागदावर लिहीतही नाही. मोठ्या माणसांनी मुलांच्या स्वच्छतागृहात जायचे नाही हा शाळेचा पक्का नियम. पण तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या मधुमेहाच्या रुग्णाला तुम्ही काय सांगणार?

प्रचाराचेही तसेच. मतदान कक्षाच्या ठरावीक अंतरात प्रचार करता येत नाही. टेनेसी राज्याने घातलेली १०० फुटांची, म्हणजे साधारण ३० मीटरची मर्यादा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये योग्य ठरवली. ही रेघ जिमच्या दारापासून मोजली की ती कित्येक शाळांत फाटकाच्या आसपास येऊन पडते, म्हणजे मुले जिथे गाडीतून उतरतात अगदी तिथे. रेघेच्या पलीकडे फलक, पत्रके, घोषणा, क्वचित शिव्याही. पहिलीतल्या मुलीच्या हातात कुणी उमेदवाराचे स्टिकर दिले तर तिच्या शिक्षिकेने काय करायचे?

एक मुद्दा असा आहे की मुले वर्गात असोत नसोत, तो राहतोच. शाळा ही मताच्या दृष्टीने अगदी कोरी जागा नाही. ॲरिझोनात २००० साली शिक्षणाला जास्त पैसे मिळावेत म्हणून विक्रीकर ५ टक्क्यांवरून ५.६ टक्के करण्याचा प्रस्ताव लोकांपुढे मताला टाकला होता. जोना बर्गर, मार्क मेरेडिथ आणि ख्रिश्चन व्हीलर या संशोधकांनी नंतर केंद्रवार आकडे तपासले. ज्यांचे केंद्र शाळेत होते त्यांनी या प्रस्तावाला इतरांपेक्षा थोडा जास्त पाठिंबा दिला होता, साधारण दोन टक्क्यांनी. वस्तीचा फरक, पक्षाचा कल वगैरे बाजूला काढूनही हा फरक शिल्लक राहिला. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. मतदाराला आपल्यावर असा परिणाम होतो आहे याची जाणीवही नसते. अर्थात चर्चमध्ये, अग्निशमन केंद्रात किंवा नगरपालिकेच्या कचेरीत मत दिले तरी जागा काही ना काही सुचवतच असणार. तेव्हा यावरून शाळा बाद करण्याइतके हे मोठे नाही. पण शाळेच्या निधीचाच प्रश्न मतपत्रिकेवर असेल, तर निदान जिमच्या भिंतीवरची मुलांच्या हातची 'आमच्या शाळेला मदत करा' अशी चित्रे एक दिवस उतरवून ठेवावीत, एवढे तरी व्हावे.

मग केंद्रच हलवा की!

सँडी हूकनंतर अनेक गावांतल्या पालकांनी हेच म्हटले आणि काही शाळा मंडळांनी केंद्रे बाहेर काढलीही. ऐकायला हा उपाय निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाही.

लॉस एंजेलिस काउंटीत ऑक्टोबर २००३ मध्ये गव्हर्नरला परत बोलावण्याची निवडणूक घाईने घ्यावी लागली, तेव्हा तिथे मतदान केंद्रे एकत्र करून त्यांची संख्या निम्म्याहून कमी केली गेली. त्यामुळे अनेकांना नेहमीच्या जागेऐवजी नव्या जागी जावे लागले. हेन्री ब्रेडी आणि जॉन मॅकनल्टी या दोघांनी याचा अभ्यास केला. ज्यांचे केंद्र बदलले त्यांच्यात केंद्रावर जाऊन मत देण्याचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांनी घसरले. त्यातला काही भाग टपाली मतांनी भरून निघाला, सगळा नाही. लोक फार लांबच्या अंतराने अडले असे नव्हते. नवी जागा शोधण्याचा कंटाळाही पुरेसा ठरला.

शाळेतून हललेले केंद्र बहुतेक वेळा दूर जाते. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला फरक पडत नाही. दोन नोकऱ्या करणारी बाई, काठी टेकत चालणारा माणूस, बसवर अवलंबून असलेला विद्यार्थी, यांना पडतो. शाळा वस्तीत असते आणि तिथपर्यंत फुटपाथ असतो, हा तिचा गुण दुसऱ्या जागेत सहज मिळत नाही. मुलांच्या काळजीपोटी आपण नकळत गरिबांचे मत महाग करून ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

टपालाने मतदान हा आणखी एक मार्ग आहे. ओरेगन राज्यात १९९८ मध्ये लोकांनी कौल देऊन तो स्वीकारला आणि नंतर वॉशिंग्टन, कोलोराडो, युटा अशी राज्ये त्या वाटेने गेली. तिथे शाळेचा प्रश्न जवळपास मिटला. पण टपाली मतदान हा स्वतःच एक मोठा राजकीय वाद आहे, आणि फक्त शाळेची जिम मोकळी करायला कुणी तो अंगावर घेणार नाही.

इतरांनी काय केले

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न विचारलात तर लोकांना तो कळणारच नाही. तिथे देशाची निवडणूक कायद्यानेच शनिवारी होते. मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे, बरीच केंद्रे शाळांत असतात आणि त्या दिवशी शाळेचा पालक संघ आवारात स्टॉल लावून शाळेसाठी पैसे उभे करतो. मुले येतात ती आईबाबांचा हात धरून. न्यूझीलंडमध्येही शनिवार. जपान, फ्रान्स, जर्मनी इथे रविवार. जपानमध्ये तर शाळेचे जिम हे मतदान केंद्राचे अगदी नेहमीचे रूप आहे. या सगळ्या देशांत शाळेत मतदान होते आणि मुले वर्गात नसतात, कारण दिवसच तसा निवडला आहे.

भारताने सुट्टीचा मार्ग घेतला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते, आणि शाळा तर आदल्या दिवसापासूनच निवडणुकीच्या ताब्यात जाते. मतदान पथक यंत्रे घेऊन संध्याकाळी येते आणि बाके सरकवून तिथेच मुक्काम करते. २०२४च्या लोकसभेला देशात सुमारे साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. त्यांना शाळांशिवाय दुसरा आधार नाही. म्हणजे मुले आत असताना मतदान ही अडचण आपल्याकडे येत नाही. तिची किंमत आपण दुसरीकडे मोजतो. केंद्रावरचे अधिकारी म्हणूनही शिक्षकांनाच नेमले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणेतर कामे द्यायला बंदी केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुका यांना त्यातून वगळले. मतदार याद्यांसारख्या कामांना शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी बोलवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. तेव्हा आपल्याला अमेरिकेपेक्षा शहाणे ठरवून घेण्याचे कारण नाही. आपल्या मुलांचे बुडालेले तास आपण मोजत नाही, एवढेच.

ब्रिटनची गोष्ट मधलीच आहे. तिथे १९३५ पासून सार्वत्रिक निवडणूक गुरुवारी होत आली आहे, सकाळी सात ते रात्री दहा. केंद्र शाळेत असले तरी शक्य तिथे शाळा चालू ठेवा, असा शिक्षण खात्याचा आग्रह असतो. तरी पुष्कळ प्राथमिक शाळा एवढ्या लहान असतात की हॉल गेला तर सुट्टीवाचून गत्यंतर नसते. डिसेंबर २०१९ मध्ये निवडणूक लागली तेव्हा त्याच हॉलमध्ये नाताळची नाटके व्हायची होती. मुलांची नाटके बुडू नयेत म्हणून दुसऱ्या जागा शोधा, असे सांगायला शिक्षणमंत्र्यांना निवडणूक अधिकाऱ्यांना पत्र लिहावे लागले.

सुट्टी द्यायची तर

सुट्टी म्हणणे सोपे आहे. कामाच्या मंगळवारी शाळा बंद ठेवली की लहान मुलाला कुणी सांभाळायचे हा प्रश्न घरी येतो, आणि ज्याला रजा मिळत नाही त्यालाच तो सगळ्यांत जड जातो. अमेरिकेत रोज सुमारे तीन कोटी मुले शाळेत दुपारचे जेवण जेवतात. त्यांतल्या कित्येकांचे ते दिवसातले मुख्य जेवण असते. म्हणून शाळा बंद ठेवताना जेवणाची सोय लावून द्यायला हवी, तिकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

या सगळ्याचा विचार करून २०१४च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या निवडणूक प्रशासन आयोगाने एक शिफारस केली. या आयोगाचे अध्यक्ष दोघे होते, रॉबर्ट बाउअर आणि बेंजामिन गिन्सबर्ग. एक ओबामांच्या प्रचाराचा वकील, दुसरा त्यांच्या विरोधात लढलेल्या रॉम्नींचा. दोघांनी मिळून सांगितले की शाळा मतदान केंद्र म्हणून वापरत राहावे, ती जागा सोडू नये, आणि सुरक्षेची काळजी मिटवण्यासाठी तो दिवस शिक्षक प्रशिक्षणाचा ठेवावा. शिक्षकांना वर्षातून काही दिवस प्रशिक्षण द्यायचेच असते. त्यातला एक उचलून मंगळवारी ठेवला की अभ्यासाचा एकही दिवस बुडत नाही. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळा बऱ्याच वर्षांपासून या दिवशी मुलांना वर्गात बोलावत नाहीत. मला हा उपाय सगळ्यांत पटतो, कारण त्यात कुणाच्याच हक्काला कात्री लागत नाही. तारखाही आधीच माहीत आहेत: ३ नोव्हेंबर २०२६, ७ नोव्हेंबर २०२८. शाळेचे वेळापत्रक ठरवणाऱ्याला फक्त कॅलेंडर उघडायचे आहे.

खरी पंचाईत उरते ती बाकीच्या मतदानांची. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका, पोटनिवडणुका, शाळेच्या करावरचे मतदान हे सगळे वसंतात, उन्हाळ्यात, कधीही येते. एका शाळेला वर्षात तीन-चार वेळा जिम द्यावे लागू शकते आणि तेवढे प्रशिक्षणाचे दिवस कुणाकडेच नसतात. ब्रिटनमध्ये तर मोठ्या निवडणुकीचीच तारीख अचानक कळते. २०२४ मध्ये २२ मे ला घोषणा झाली आणि ४ जुलैला मतदान. इंग्लंडच्या शाळांचे सत्र तेव्हा चालूच होते.

अशा दिवसांसाठी शाळा आणि निवडणूक कार्यालय यांना एकत्र बसावेच लागते, आणि हे काम निवडणुकीच्या पुरेसे आधी व्हायला हवे. दोघांनी मिळून इमारतीला एक फेरी मारायची. मतदारांना थेट बाहेरून जिममध्ये उतरवणारे वेगळे दार आहे का ते पाहायचे, जिमकडून वर्गांकडे जाणारे दार दिवसभर लावून तिथे शाळेतला माणूस बसवायचा. ते वेगळे दार चाकाच्या खुर्चीला चालते का, हे स्वतः खुर्ची ढकलून बघायचे. एक स्वच्छतागृह फक्त मतदारांसाठी राखायचे. बस दुसऱ्या फाटकाने आत घ्यायच्या. प्रचाराची रेघ जमिनीवर खडूने ओढून बघायची की ती मुलांच्या वाटेत येते का. दार लावण्याची वेळ आली तर आधी कुणी कुणाला फोन करायचा, रांगेतल्या मतदारांना कुठे न्यायचे आणि राहिलेला वेळ नंतर कसा वाढवून घ्यायचा हे लिहून दोघांनी सह्या करायच्या. आणि एवढे सगळे पाहून झाल्यावर वेगळे दार नाहीच, हॉलमधून गेल्याशिवाय वर्गात जाता येत नाही असे दिसले, तर त्या शाळेने त्या दिवशी मुलांना बोलावू नये. पालकांना ते महिनाभर आधी कळवावे आणि जेवणाची पाकिटे आदल्या दिवशीच मुलांच्या दप्तरात घालून पाठवावीत.